वैशाखात घाट चढणारी मोटार

परळी वैजनाथचे औष्णिक विद्युत् केंद्र २०१३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात बंद करावे लागले, तेव्हा त्याचे कारण कोळशाची टंचाई हे नव्हते, आणि यंत्रांतील बिघाड हेही नव्हते. ज्या खडका बंधाऱ्यातून केंद्रास गोदावरीचे पाणी मिळत असे, तो बंधाराच त्या वर्षीच्या दुष्काळात कोरडा पडला होता. ११३० मेगावॅट क्षमतेचा तो अवाढव्य कारखाना पाण्यावाचून थांबावा याचे अनेकांस नवल वाटले, कारण परळीची वीज कोळशाची, तिचा पाण्याशी काय संबंध, अशी सर्वसाधारण समजूत होती. वस्तुतः अशा केंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एकतृतीयांश तेवढी विजेच्या रूपाने तारांत जाते. उरलेली दोनतृतीयांश कोठेतरी नेऊन सोडावी लागते, आणि तिला वाहून नेणारे पाणी नसेल तर त्या एकतृतीयांशासही मुकावे लागते. टाकाऊ उष्णतेचा बंदोबस्त झाल्यावाचून उपयुक्त शक्ती हाती येत नाही, हे तत्त्व बीड जिल्ह्याने असे मोठ्या मोलाने अनुभवले आहे.

आता त्याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आणि तीनचाकी गाड्या दिसू लागल्या आहेत, आणि परळीत प्रचंड प्रमाणावर उभा राहिलेला तो प्रश्न या गाड्यांच्या आसनाखाली, नारळाएवढ्या आकाराच्या मोटारीत, प्रत्यही नव्याने उभा राहत आहे. गाडी घेणारा मनुष्य दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, हा. आणि तो रास्तही आहे. परंतु जेथे वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत चढतो, जेथे बालाघाटच्या रांगेने जिल्ह्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग केले आहेत आणि एका भागातून दुसऱ्यात जावयाचे तर मांजरसुंब्याचा अथवा धारूरचा घाट ओलांडावा लागतो, तेथे माझ्या मते पहिला प्रश्न निराळा असावयास हवा: ही मोटार एवढ्या उन्हात, एवढे ओझे घेऊन, एवढ्या चढावर, स्वतःला न भाजता किती वेळ चालू शकते? या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या अंगावरील पंख्यात आणि पट्ट्यांत असते, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. मुख्यतः ते असते तिला वीज मोजून देणाऱ्या नियंत्रकात, ज्याला सारे मिस्त्री ‘कंट्रोलर’ म्हणतात त्या लहानशा ॲल्युमिनियमच्या पेटीत.

मोटार जळणे ही येथील शेतकऱ्यास मुळीच नवी घटना नाही. गेवराई, माजलगाव, केज अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या एखाद्या गल्लीत वाइंडिंगचे दुकान असतेच. बाहेर चिखलाने माखलेले पाणबुडी पंप आडवे टाकलेले असतात, आत मिस्त्री करपून काळी पडलेली तार खाचांतून उपटून काढीत बसलेला असतो, आणि तापलेल्या वॉर्निशचा उग्र वास दुकान येण्यापूर्वीच नाकाला झोंबतो. त्या काळ्या तारेत मोटारीच्या अखेरचा सारा तपशील लिहिलेला असतो. तीनही फेजांच्या गुंडाळ्या सारख्याच करपल्या असतील तर दाब कमी असताना किंवा ओझे अधिक असताना मोटार दीर्घकाळ चालली; काही गुंडाळ्या जळून बाकीच्या स्वच्छ राहिल्या असतील तर एक फेज गेल्यावरही ती उरलेल्या दोहोंवर ओढत राहिली; हे अनुभवी मिस्त्री पाहताक्षणी सांगतो. तांबे स्वतः जळत नाही. जळते ते तारेवरील एनॅमलचे कागदाहूनही पातळ आवरण, आणि तेही बहुधा एका दिवसात जळत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य अदमासे निम्मे होते, हा विद्युत् अभियंत्यांचा जुना आडाखा आहे, आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या कमी दाबाच्या विजेवर वर्षानुवर्षे चालणारी मोटार अशी निम्म्या-निम्म्याने आपले आयुष्य गमावीत असते. तिच्यावर पहारा असतो तो स्टार्टरमधील रिलेचा. मर्यादेपर्यंत सर्व काही चालू देणे आणि मर्यादा ओलांडताच सारे तोडून टाकणे, यापलीकडे त्या बिचाऱ्याला अधिकार नाहीत. आणि उभे पीक वाळत असताना मोटार पुनःपुन्हा बंद पडू नये म्हणून तारेचा तुकडा जोडून ते अधिकारही कित्येक ठिकाणी काढून घेतलेले असतात.

विजेच्या गाडीतील मोटार याच कुळातली आहे. तिच्यातही लोखंडाच्या पातळ पत्र्यांची चळत, खाचांतील तांब्याची गुंडाळी आणि मधोमध फिरणारा रोटर असतो. भेद इतकाच की या रोटरवर सहसा कायमचे लोहचुंबक बसविलेले असतात, आणि तिच्यावर पहारा ठेवणारा नियंत्रक सेकंदाला हजारो वेळा तिची विचारपूस करून तिला द्यावयाच्या प्रवाहाचा हिशेब नव्याने मांडीत असतो. चांगल्या मोटारीला दिलेल्या विजेपैकी शेकडा नव्वदांहून अधिक वाटा चाकापर्यंत जाणाऱ्या कामात उतरतो. पेट्रोलच्या इंजिनात हाच वाटा पंचवीस-तीसांच्या आसपास असतो. मग ज्या यंत्रात शेकडा दहाही वाया जात नाही, त्याच्या उष्णतेची एवढी चिंता कशासाठी, असे वाचकास वाटणे साहजिक आहे.

याचे कारण उष्णतेच्या स्वभावात आहे. उष्णता अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडेच जाते, आणि जाण्याचा तिचा वेग त्या दोहोंच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असतो. पेट्रोलचे इंजिन आपल्या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर बाहेर फेकते, आणि उरलेली रेडिएटरमधून टाकते तेव्हा त्यातील पाणी नव्वद अंशांच्या आसपास असते. बाहेर त्रेचाळीस अंश असले तरी सत्तेचाळीस अंशांचा उतार तिला मिळतो. विजेच्या मोटारीला धुराडे नाही. तिच्या गुंडाळीचे आवरण, चांगल्या प्रतीचे असल्यास, १५५ किंवा १८० अंशांपर्यंत तग धरते, म्हणून तिची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. परंतु प्रवाहाची उघडझाप करणारे अर्धवाहक स्विच तिच्याहून नाजूक, रोटरवरील चुंबक आणखी नाजूक, आणि बॅटरी तर चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाऊ लागली की आपले आयुष्य झपाट्याने खर्चू लागते. बाहेरची हवा त्रेचाळीस अंश आणि बॅटरीची सोसण्याची हद्द पंचेचाळीस! उरले दोन अंश. आणि दोन अंशांच्या उतारावरून उष्णता जाणार तरी किती? मोठ्या मोटारगाड्यांत यासाठी वातानुकूलन यंत्रासारखी शीतनाची वेगळी योजना असते. बीडच्या मोंढ्यात पोती वाहणाऱ्या तीनचाकीत ती नसते. तिला उष्णता बाहेर टाकण्याची मुभा जवळजवळ नाही. ती निर्माणच कमी करणे एवढी एकच तजवीज तिच्या हाती आहे.

ती किती निर्माण होते, याचा एक हिशेब प्रत्यक्षच करून पाहू. बीडहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग पालीजवळून बिंदुसरेच्या खोऱ्यातून पुढे जाऊन मांजरसुंब्याच्या घाटाने पठारावर चढतो. समजा, एक मालवाहू तीनचाकी गाडी तिच्या ओझ्यासकट ९०० किलोची आहे आणि ताशी वीस किलोमीटरने चालली आहे. सपाट रस्त्यावर तिला लोटण्यास सुमारे १३० न्यूटन बल पुरते, आणि त्यासाठी पाऊण किलोवॅट शक्तीही पुष्कळ होते. आता तीच गाडी त्याच वेगाने शेकडा पाचाच्या चढाला लागली असे धरा: पृथ्वीच्या ओढीचे आणखी ४४० न्यूटन त्यात मिळतात, एकूण बल ५७० च्या घरात जाते आणि शक्ती सव्वातीन किलोवॅटांपर्यंत पोचते. म्हणजे जोर चौपटीहून अधिक झाला. मोटारीचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून प्रवाहही चौपट झाला. परंतु तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल याने १८४० च्या सुमारास दाखवून दिले, आणि त्या नियमास मांजरसुंब्याचा घाटही अपवाद नाही. चौपट प्रवाहाने सोळापट उष्णता! इतकेच होऊन थांबत नाही. तांबे तापले की त्याचा विद्युत् रोध अंशागणिक शेकडा ०.३९ ने वाढतो. गुंडाळी १२० अंशांनी तापली की तो जवळजवळ दीडपट होतो, त्यामुळे तोच प्रवाह दीडपट उष्णता देतो, आणि चुंबक तापून किंचित मंद झाले की तोच जोर मिळविण्यास प्रवाहही अधिक द्यावा लागतो. असे एका आपत्तीने दुसरीस हात द्यावा, आणि चालकाला मात्र गाडी जरा दमली इतकेच जाणवावे, अशी ही स्थिती असते.

येथे नियंत्रकाचे खरे कर्तृत्व सुरू होते. मोटारीच्या स्थिर भागातील तीन गुंडाळ्यांत वाहणारा प्रवाह एक फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, आणि रोटरवरील चुंबक त्या क्षेत्रामागे ओढला जाऊन फिरतो. परंतु क्षेत्र चुंबकाच्या किती कोनात पुढे असावे, यावर प्रवाहाचे चीज होणार की तो वाया जाणार हे ठरते. पूर्वी गुऱ्हाळावर बैलांचा चरक असे, त्याची येथे आठवण होते. लांब दांड्याला जुंपलेला बैल वर्तुळाच्या रेषेतून चालला की त्याचे सारे बळ चरक फिरविण्यात जाते. तोच जर मधल्या खांबाकडे अंग टाकू लागला, तर तोही तितकाच दमतो आणि तितकाच घामाघूम होतो, पण उसाचा रस मात्र कमी निघतो. मोटारीतील प्रवाहाचेही असे दोन भाग पाडता येतात: एक चुंबकाच्या रेषेत वाया जाणारा आणि दुसरा तिच्याशी काटकोन करून फिरविणारा. उष्णता दोन्ही भाग निर्माण करतात. काम एकच करतो.

ही विभागणी कागदावर सोपी दिसली तरी फिरत्या यंत्रात ती करावयाची म्हणजे गणिताचा मोठा पसारा होता, कारण तीनही प्रवाह क्षणोक्षणी वरखाली होत असतात. त्या पसाऱ्यातून वाट काढणाऱ्यांपैकी एक अमेरिकन अभियंती एडिथ क्लार्क होती. मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रसंस्थेतून १९१९ साली विद्युत् अभियांत्रिकीची उच्च पदवी मिळविणारी ती पहिली स्त्री, आणि तरीही त्या काळी अभियंत्याची जागा मिळविण्यासाठी तिला झगडावे लागले. तीन प्रवाहांचे गणित दोनांवर आणण्याची जी रीत आज जगातल्या बहुतेक नियंत्रकांत चालते, ती तिच्या नावाने ओळखली जाते. दुसरा रॉबर्ट पार्क. १९२९ च्या आपल्या निबंधात त्याने हिशेब करणाऱ्याला जणू फिरत्या रोटरवर नेऊन बसविले, आणि तेथून पाहिले असता वरखाली होणारे ते प्रवाह स्थिर दिसू लागले. पुढे जर्मनीत सीमेन्स कंपनीच्या फेलिक्स ब्लाश्के याने १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत या गणिताच्या आधारे मोटार प्रत्यक्ष चालविण्याची पद्धती मांडली. तिला क्षेत्राभिमुख नियंत्रण म्हणतात. त्या काळी या हिशेबासाठी मोठी यंत्रसामग्री लागे. आज नखाएवढी चिप तो करते, आणि आष्टीच्या अथवा पाटोद्याच्या आठवडी बाजारात भाजीचे गाठोडे पुढ्यात ठेवून आलेल्या एखाद्या स्कूटरच्या पोटात क्लार्क आणि पार्क यांची समीकरणे अहोरात्र सोडविली जात असतात, हा विचार मला फार आनंद देतो.

स्वस्त ई-रिक्षांत आणि कमी वेगाच्या दुचाक्यांत मात्र याहून जाडेभरडे नियंत्रण असते. मोटारीत बसविलेले तीन हॉल सेन्सर रोटर कोठे आहे ते एका फेऱ्यातील सहा टप्प्यांत सांगतात, आणि नियंत्रक त्या सहा टप्प्यांनी प्रवाहाची दिशा बदलतो. मधल्या मधल्या कोनांत प्रवाह थोडा चुकीच्या बाजूला वाहतो, मोटार किंचित घरघरते, आणि त्या घरघरीबरोबर काही वीज उष्णतेच्या खाती जमा होते. हा दोष किती वाढू शकतो हे मी एका दुरुस्तीच्या दुकानात जवळून पाहिले. तेथे परत आलेली एक गाडी नुकतीच दुरुस्त होऊन गेलेली होती. ती धावत होती, परंतु पिकअप मंद झाला होता आणि थोडे अंतर जाताच चाकातील मोटारीला हात लाववत नसे. मिस्त्रीने चाक उचलून धरले, क्लॅम्पमीटर बॅटरीच्या तारेभोवती अडकविला आणि एक्सिलेटर पिळला, तो अधांतरी फिरणारे चाक नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खात असलेले दिसले. मोटार उघडल्यावर कारण कळले: बदललेल्या हॉल सेन्सरांपैकी एक आपल्या खाचेत नीट बसलेला नव्हता, गोंदाच्या थेंबावर तिरका चिकटला होता. रोटर जेथे नव्हता तेथे तो आहे अशी खोटी वर्दी तो प्रत्येक फेऱ्यात देत होता, आणि नियंत्रक त्या वर्दीवर विसंबून प्रवाह अवेळी सोडीत होता. मिस्त्रीने तो खरडून काढला, नवा सेन्सर खाचेत तंतोतंत बसवून पुन्हा मीटर लावला; काटा खाली आला. फेजाच्या आणि सेन्सरच्या तारांची जोडणी चुकीच्या क्रमाने झाली तरी असाच प्रकार होतो, आणि तेव्हाही गाडी फिरते म्हणून चूक ध्यानात येत नाही. चाक फिरणे ही दुरुस्तीची कसोटी नव्हे. बिनओझ्याचा प्रवाह मोजणे ही आहे, आणि प्रत्येक ग्राहकाने ती मागून घ्यावी.

चांगल्या नियंत्रकातही काटकोनाचा नियम जसाच्या तसा पाळला जातो असे नाही. ज्या मोटारींत चुंबक रोटरच्या पोटात पुरलेले असतात, त्यांत लोखंडाच्या घडणीमुळेही थोडा जोर उत्पन्न होतो, आणि त्याचा लाभ घ्यावयाचा तर प्रवाहाचा कोन काटकोनाच्या थोडा पलीकडे न्यावा लागतो. प्रत्येक जोरासाठी कमीत कमी प्रवाह कोणत्या कोनात लागतो याचा तक्ता कारखान्यात तयार करून नियंत्रकाच्या स्मरणात ठेवलेला असतो. वेग वाढला की नवी अडचण येते. फिरणारा चुंबक स्वतःही गुंडाळीत उलट दाब निर्माण करतो, आणि एका वेगाला तो बॅटरीच्या दाबाशी येऊन भिडला की प्रवाह आत शिरण्यास जागाच उरत नाही. तेव्हा नियंत्रक बुद्धिपुरस्सर थोडा प्रवाह चुंबकाच्या विरुद्ध दिशेने सोडून त्याचे क्षेत्र मंद करतो, आणि गाडी आणखी वेग घेते. हा प्रवाह थेट कामाचा नाही, उष्णता मात्र पुरेपूर देतो. बीड–सोलापूर महामार्गावर सपाटीला सारा वेळ अंतिम वेगाने पळणारी दुचाकी घाट न चढताही का तापते, त्याचे एक कारण हे आहे. शिवाय वेगाबरोबर लोखंडाच्या पत्र्यांतील हानीही वाढते, आणि वाऱ्याचा विरोध तर आणखी झपाट्याने वाढतो.

प्रवाहाची ही सारी कारागिरी नियंत्रकातील स्विच करतात. ते सेकंदाला दहा-वीस हजार वेळा उघडझाप करून बॅटरीच्या एकमार्गी विजेला हवा तसा आकार देतात. उघडझाप जितकी जलद, तितका प्रवाह गुळगुळीत आणि मोटार शांत. परंतु प्रत्येक उघडझापेत स्विच थोडा तापतो, म्हणून मोटारीचा लाभ तो नियंत्रकाचा तोटा. सिलिकॉन कार्बाइडचे नवे स्विच हा तोटा पुष्कळ कमी करतात, आणि टेस्लाच्या मॉडेल ३ पासून महाग गाड्यांत ते रूढ होत गेले. स्वस्त गाड्यांपर्यंत ते यावयाचे आहेत. घाटात एक गोष्ट मात्र महाग-स्वस्त अशा साऱ्या गाड्यांना सारखीच घातक आहे. पुढे ट्रक अडला की कित्येक चालक ब्रेक न लावता एक्सिलेटर अर्धवट पिळून गाडी चढावर तशीच तोलून धरतात. मोटार फिरत असते तेव्हा प्रवाह तीनही फेजांतून आळीपाळीने वाहतो आणि उष्णताही त्यांत वाटली जाते. चाक थांबलेले असताना मात्र तो जेथल्या तेथे राहतो, आणि एखाद्या फेजाच्या गुंडाळीस व तिच्या स्विचास सरासरीच्या दुप्पट उष्णता एकट्याने सोसावी लागते. अशा दोन मिनिटांत गाडीचे जे नुकसान होते ते दिवसभर सपाटीला चालून होत नाही. चढावर थांबावयाचे तर ब्रेक दाबून थांबावे.

चुंबकाविषयी सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण गुंडाळी जळाली तर पुन्हा भरता येते, चुंबकाची शक्ती एकदा गेली की मिस्त्रीच्या हाती काही राहत नाही. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे हे प्रबळ चुंबक १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जपानात मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. त्यांची साधी प्रत ऐंशी अंशांपर्यंतच भरवशाची असते. तीत डिस्प्रोसियमसारखी दुर्मिळ मूलद्रव्ये मिसळली की ती दीडशे, एकशेऐंशी अंशांपर्यंत टिकते. ही द्रव्ये मुख्यतः चीनच्या हाती आहेत, आणि २०२५ च्या एप्रिलात त्या देशाने त्यांच्या व त्यांपासून केलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा विजेच्या दुचाक्या करणाऱ्या पुण्याच्या बजाज ऑटोसही उत्पादनाला झळ पोचल्याचे जाहीरपणे सांगावे लागले. उष्णतेचा आणि राज्यकारणाचा असा संबंध येतो. रोटर जितका थंड राखता येईल, तितके डिस्प्रोसियम कमी लागेल. आणि फिरत्या रोटरला तापमापक बांधणे कठीण असल्याने त्याचे तापमान नियंत्रकाला गुंडाळीचे तापमान, प्रवाह आणि वेग यांवरून गणिताने अनुमानावे लागते. हे अनुमान जितके अचूक, तितके मोटारीकडून निर्धास्तपणे काम घेता येते. अनुमान ढोबळ असले तर नियंत्रक भीतीपोटी आधीच हात आखडता घेतो, आणि घाटाच्या मध्यावर गाडीची चाल कासवाची होते. चालक त्याला बिघाड समजतो. वास्तविक विहिरीवरच्या स्टार्टरला जे कधी जमले नाही ते येथे होत असते: सारे तोडून न टाकता, आवरण आणि चुंबक वाचतील इतकाच जोर कमी केला जातो.

यावरून गाडी पारखण्याची एक कसोटी हाती येते. जाहिरातीत छापलेली कमाल शक्ती ही बहुधा क्षणभराची, फार तर मिनिटभराची असते. विजेच्या गाड्यांच्या मोटारी तपासण्याचे एआयएस-०४१ हे जे भारतीय मानक आहे, त्यात याखेरीज आणखी एक आकडा मोजला जातो. तो म्हणजे मोटार सतत तीस मिनिटे देऊ शकेल अशी कमाल शक्ती. उष्णतेची खरी परीक्षा याच आकड्यात आहे, आणि आपल्या हिशेबातील सव्वातीन किलोवॅट त्या आकड्याच्या आत बसतात की बाहेर, यावर त्या गाडीने घाटाची पट्टी धरावी की सपाटीवरच राहावे हे ठरावे. एवढा महत्त्वाचा आकडा विक्रीच्या पत्रकांत कोपऱ्यातही सापडत नाही, याचा मला खेद वाटतो. परिवहन खात्याने तो किमतीच्या शेजारी ठळकपणे छापण्याची सक्ती करावी असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरीच्या बाबतीत सरकारने अशी जरब दाखविली आहे. २०२२ सालच्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या दुचाक्या पेटल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून आणि पुढे २०२३ च्या मार्चअखेरीपासून, असे दोन टप्प्यांत कडक झाले. मोटारीची उष्णता आगीसारखी डोळ्यांत भरत नाही, म्हणून ती दुर्लक्षावी असे नाही.

विजेच्या गाड्यांचा पसारा आता वाढतच जाणार. एस.टी. महामंडळाने १ जून २०२२ रोजी आपली पहिली विजेची ‘शिवाई’ पुणे ते अहमदनगर धाववली, ज्या मार्गावर १९४८ साली त्याच तारखेस पहिली एस.टी. धावली होती; आणि नगर ओलांडले की बीडचा आष्टी तालुका लागतो. वाळूजला बजाजच्या तीनचाक्या तयार होतात, आणि बिडकीनला विजेच्या दुचाक्यांच्या कारखान्याची योजना जाहीर झालेली आहे. हे उद्योग मराठवाड्यात येत असताना त्यांच्या गाड्या सांभाळणारे हात मराठवाड्यातच घडावयास हवेत. बीड आणि अंबाजोगाई येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. वाइंडिंगच्या दुकानांत तर करपलेल्या तारेवरून मोटारीचे निदान करणारे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साठलेले आहे. त्या मिस्त्रीला तांबे कळते, आवरण कळते, उष्णता कळते. त्याला ठाऊक नाही ते केवळ नियंत्रकाचे गणित, आणि तेही त्याला समीकरणांतून शिकविण्याची गरज नाही. क्लॅम्पमीटर, ऑसिलोस्कोप आणि दुरून तापमान मोजणारी बंदूक हाती देऊन चांगल्या आणि बिघडलेल्या मोटारी शेजारीशेजारी चालवून दाखविल्या, तर काही आठवड्यांच्या वर्गात तो पुष्कळ आत्मसात करील.

घाटाची चढण झाली. उतरणीचा हिशेब राहिला. ९०० किलोची गाडी शंभर मीटर उंच चढविण्यास, घर्षण सोडून, पाव युनिट वीज लागते. उतरताना नियंत्रक प्रवाहाचा कोन उलटवितो, मोटार जनित्र होते, आणि चाकांच्या घर्षणात जाणारा व यंत्रातील हानीचा वाटा वजा जाता त्या पाव युनिटातील निम्म्याच्या आसपास बॅटरीत परत येऊ शकते. ब्रेकही तापत नाहीत. परंतु बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल, किंवा चढणीने फार तापलेली असेल, तर ती हा परतावा स्वीकारीत नाही, आणि सारा भार साध्या ब्रेकवर पडतो. म्हणून नेकनूरसारख्या पठारावरील गावातून सकाळी बीडला उतरणाऱ्याने रात्री बॅटरी पूर्ण न भरता शेकडा नव्वदांवर थांबवावी. आणि दुपारी घाट चढून घरी आल्यावर गाडी लगेच चार्जिंगला न लावता तासभर सावलीत उभी करून, बॅटरी निवल्यावर, शक्यतो रात्रीच्या गारव्यात लावावी.